पाच वह्यांचे नाना

आमच्या घरात कागद म्हणावा असा एकच होता, रेशनकार्ड. आई ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि डबा आढ्याला टांगायची, कारण पावसाळ्यात आमच्या बौद्धवाडीत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काहीच कोरडं राहत नसे. बाबा बांधावर माती टाकायचे, आई आठ महिने मिठागरात. संध्याकाळी ती घरी आली की पाय गोड्या पाण्याने धुवायला हवेत, नाहीतर भेगा चिघळायच्या. पण गोडं पाणी लांबच्या विहिरीत, आणि त्या विहिरीवर आमच्या वाडीचा नंबर सगळ्यांत शेवटी. त्यामुळे आणलेल्या पाण्यात पाय धुवायचे की भात शिजवायचा, हे रोज ठरवावं लागे. बहुतेक वेळा भात जिंकायचा.

रडगाणं गायला मी बसलेले नाही. मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर, त्यातही इंजिनीयर, आणि मला त्याचा अभिमान आहे. तो मी लपवत नाही आणि कुणी लपवायला सांगितलं तर ऐकत नाही. पण जे सांगायचं आहे ते त्या डब्यातल्या एकट्या कागदापासून सुरू होतं.

आमच्या घरात दुसरा कागद नाना घेऊन आले.

नाना आमच्या गावचे उघाडीवाले. गाव खाडीकाठचं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात लाकडी दार. ओहोटीला दार उघडून आतलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीच्या आधी बंद करायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. नानांना घड्याळ वापरलेलं मी कधी पाहिलं नाही. ते चिखलातल्या खेकड्यांच्या बिळांकडे बघायचे आणि म्हणायचे, "आलं पानी." आणि पाणी यायचं.

बांध राखायचा तर घरटी एक माणूस कामावर, ही आमच्याकडची जुनी पद्धत. कुठल्या घराचं माणूस आलं, कुठल्याचं नाही, ते लिहून ठेवायचं काम उघाडीवाल्याचं. कारण बांधाच्या आत गावाची सामाईक खाजण, म्हणजे खाडीच्या पाण्यापासून राखलेली भातजमीन होती, आणि जो बांधावर उभा राहील त्याचाच तिच्यावर हक्क.

पूर्वी ही नोंद एकाच वहीत असायची, आणि वही गावातल्या एका मोठ्या घरात. "दर धा वर्सांनी ती वही भिजायची," नाना सांगायचे. "पाऊस सगळ्या गावावर पडायचा, भिजायची तेवढी वही. आनि वाळली का दोन-चार घरं तिच्यातनं गायब." एवढं बोलून ते शांतपणे विडी पेटवायचे. "येक वही म्हंजे येका मानसाची मर्जी गो पोरी."

म्हणून उघाडी त्यांच्या हाती आल्यावर त्यांनी चौलच्या बाजारातून पाच सारख्या वह्या आणल्या आणि पाच घरांत ठेवल्या. स्वतःच्या घरात एकही ठेवली नाही. "ज्याच्या हातात चावी, त्याच्या घरात वही न्हाय," हा त्यांचा कायदा. दिवसाचं काम संपलं की पाचही घरांचं एकेक माणूस वही घेऊन उघाडीजवळच्या भेंडीच्या झाडाखाली यायचं. नाना नावं सांगायचे, पाच जण लिहायचे. मग एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्या चौघांनी आपापल्या वहीत बोट ठेवून ऐकायचं. दुसऱ्या दिवशी नव्या पानावर सगळ्यांत वर आधी एक ओळ: मागच्या पानावर माणसं किती, शेवटचं नाव कोणाचं. ती लिहिल्याशिवाय नाना आजचं पहिलं नाव उच्चारायचे नाहीत. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं. खोडायचं नाही. चूक झाली तर खाली 'चूक' असं लिहून बरोबर काय ते लिहायचं, आणि चूक कोणाची तेही.

"चूक लपवायची न्हाय. तिला बी घर द्यायचं," म्हणायचे.

गाव त्यांना समोर नाना म्हणायचं आणि पाठीमागे 'पाचवह्या'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणी तरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, तेव्हा म्हणाले, "सहा असत्या तर आनखी बरं."

घरं निवडण्याची त्यांची रीत तर और होती. चांगल्या, शांत, एकमेकांकडे उठबस असलेल्या घरांना त्यांनी वही दिली नाही. शोधून शोधून भांडणारी घरं निवडली. कुणाचं कुंपणावरून, कुणाचं लग्नातल्या मानपानावरून. आणि पाचवी वही आमच्या वाडीत, आमच्या घरात. त्यावर गावात बराच आवाज झाला. "त्यांच्या घरात गावाची वही?" असं भर बैठकीत विचारलं गेलं. बाबा मागे उभे होते. नाना म्हणाले, "त्यांना तुमच्याबद्दल प्रेम हाय काय? न्हाय ना? तुम्हाला त्यांच्याबद्दल हाय? न्हाय. मंग तिथंच ठेवायची वही. पिरमातली मानसं येकमेकांचं झाकतात." आणि पुढे, "इस्वास मानसावर नका ठेवू. भांडनावर ठेवा. भांडन फसवत न्हाय."

बाबांना लिहिता येत नव्हतं. वही लिहायला मी जायची. सातवीत होते तेव्हापासून. शाळेत मी मागच्या बाकावर बसायची, पण भेंडीखाली चार मोठी माणसं माझ्या वाचण्यावर बोट ठेवून ऐकायची. माझं अक्षर सुधारलं ते तिथे. मी शिकले ती सरकारी फीमाफीवर, आईच्या टाचांवर, आणि त्या वहीवर. तिन्ही सांगायला हवं.

नानांचा संशय वहीपुरता नव्हता. ते मासळी घ्यायचे तर कोळणीकडून भाव एकदा ऐकून तिच्याशी न बोलणाऱ्या शेजारच्या कोळणीला विचारायचे, "ही काय बोलली गो?" दोघी शिव्या द्यायच्या, पण नानांना बांगडा ताजा आणि रास्त भावातच मिळायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर चिठ्ठी दाखवून कुठली गोळी कशाची ते कंपाउंडरकडून वेगळं सांगवून घ्यायचे. मी "नाना, उद्या येते" म्हटलं तर जवळच्या कुणालाही म्हणायचे, "ऐकलंस ना? उद्या येनार हाय ती."

आणि त्यांचं घर. नानांच्या दाराला दोन कुलपं होती. एकाची चावी त्यांच्या करगोट्याला, दुसऱ्याची त्यांचा धाकटा भाऊ धर्मा याच्याकडे. धर्माकाकाशी त्यांचं बोलणं बंद. वडिलांच्या शेवटच्या आजारात कोण किती दिवस उशाशी बसलं, यावरून वाजलेलं; माझ्या आठवणीत ते दोघे एकमेकांशी बोललेलेच नाहीत. तरी चावी त्याच्याकडे. म्हणजे रोज उघाडीवरून परत आल्यावर नाना धर्माकाकाच्या ओटीसमोर जाऊन उभे राहायचे. हाक मारायचे नाहीत. खोकायचे. धर्माकाका आतून यायचा, चावी कठड्यावर ठेवायचा, आत जायचा. सकाळी बाहेर पडताना नाना ती परत कठड्यावर ठेवायचे. पावसात, उन्हात, तापात, रोज. लोक हसायचे. मीही हसायची. पाच वह्यांपैकी एक धर्माकाकाकडे होती, हे सांगायला नकोच.

नववीत असताना बांधाला खांड पडली. उधाणाची भरती, वरून पाऊस, आणि उघाडीच्या दक्षिणेला बांध बैलगाडी जाईल एवढा फुटला. अख्खा दिवस गाव त्या खांडीत उभं होतं. छातीपर्यंत चिखलात माणसांची भिंत, मागून मातीची घमेली हातोहात. गावातल्या हिराकाकीचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. घरात दुसरं माणूस नाही. ती स्वतः उतरली. पदर खोचून पुरुषांच्या रांगेत, खांड बंद होईपर्यंत. त्या दिवशी गावाने ठरवलं की आज ज्या घराचं माणूस खांडीत उभं राहिलं, त्या घराला खाजणात कायमचा वाटा. संध्याकाळी भेंडीखाली पाच वह्यांत नावं लिहिली गेली. तोपर्यंत वहीत पुरुषांचीच नावं असायची. त्या पानावर पहिल्यांदा एका बाईचं नाव आलं. मी लिहिलं. मला आठवतं, मी ते जरा मोठं लिहिलं होतं.

पुढचं मी कॉलेज, नोकरी, शहर या नादात पार विसरून गेले होते. किंवा आठवत असूनही त्याला काही किंमत दिली नव्हती. ते पुढे येईल.

नवी मुंबईतल्या एका कंपनीत मला नोकरी लागली. तिथे पहिल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी पांढऱ्या फळ्यावर ब्लॉकचेन समजावलं. एकच नोंद अनेक ठिकाणच्या अनेक कॉम्प्युटरवर. ते कॉम्प्युटर एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांवर भरवसा ठेवत नाहीत. प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर मागच्या पानाची खूण, त्यामुळे मधलं एक पान बदललं की पुढची सगळी साखळी ओरडते. कुणी खोडू शकत नाही. मी मोठ्याने हसले. साहेब म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "सर, आमच्या गावात हे भेंडीच्या झाडाखाली चालतं." सगळी खोली हसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, आता दाखवतेच.

कंपनीला नमुना म्हणून एखादं खरं काम हवंच होतं. मी आमचं गाव सुचवलं. खाजणाच्या वाटेकऱ्यांची पक्की यादी करायचं गावाच्या कमिटीच्या डोक्यात होतंच, कारण काशीदकडची पर्यटनाची हवा आमच्या खाडीपर्यंत आली होती आणि ज्यांनी घमेलं उचललं नव्हतं तेही आता बांधाच्या गोष्टी सांगू लागले होते. मी लॅपटॉप घेऊन बैठकीत उभी राहिले. ज्या बैठकीत बाबा मागे उभे राहायचे, तिथे मी पुढे. सांगितलं, एकदा यात गेलं की कुणाचा बापही बदलू शकत नाही. मोठी घरं, पैसेवाले, कुणीही. टाळ्या पडल्या. आई दाराशी बसली होती, तिने डोळे पुसले.

नानांनी हात वर केला. तेव्हा ते बरेच वाकले होते. "यात लिवायच्या आधी मोठ्यानं कोन वाचनार?"

"वाचायची गरज नाही, नाना. वहीत आहे तेच टाइप करायचं."

"कुठल्या वहीतलं?"

"पाचही सारख्याच आहेत ना? सगळ्यांत नीट आहे ती घेऊ. आमच्या घरची."

"बदलत न्हाय म्हनतेस."

"नाहीच बदलत."

"मंग चूक बी बदलत न्हाय ना?"

लोक हसले. मीही हसले. म्हटलं, "नाना, आता कॉम्प्युटरवर तरी विश्वास ठेवा." शेजारच्या माणसाकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "ही काय म्हनाली? नीट ऐकलंस ना?"

बाकीच्या वह्या मी एकत्र मागितल्या, गावाच्या कार्यालयात ठेवायला. धर्माकाका उभा राहिला. "शिकलीस म्हनून गाव तुझ्या वटीत टाकायचा काय? माझ्याकडची वही मिळनार न्हाय. तुझ्यावर माझा इस्वास न्हाय." भर बैठकीत. मी म्हटलं, "ठेवा तुमच्याकडे, सुकट बांधायला होईल." त्यावर सगळ्यांत जास्त हशा झाला. माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांपैकी ज्यांची मला लाज वाटते, त्यात हे वरचं आहे.

कार्यालयात आलेल्या तीन वह्यांचं पुढे काय झालं? 'आता गरज नाही' असं मीच सांगितलं होतं. एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली, उरलंसुरलं रद्दीत गेलं. कुणाला दोष देणार?

टाइप करताना प्रत्येक पानाची वरची ओळ मी गाळली. मागचं पान, माणसं इतकी, शेवटचं नाव अमुक. मला ती उगाच पुन्हा पुन्हा आलेली माहिती वाटली. आमची यंत्रणा आपली खूण आपोआप लावते, मग नानांची खूण कशाला?

दोन वर्षांनी हिराकाकी माझ्याकडे आली. एसटी बदलत, हातात वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन, थेट बेलापूरला. तिच्या वेगळ्या राहणाऱ्या दिरांनी खाजणातल्या तिच्या वाट्यावर हक्क सांगितला होता. म्हणाले, ही खांडीत नव्हतीच, चहा घेऊन आली होती. कमिटीने यादी उघडली. खांडीच्या दिवशीची नावं एकसष्ट. हिराबाई त्यात नाही.

"मी म्हनलं त्यांना, इचारा ना लोकांना," ती म्हणाली. "कोन म्हनतो व्हती, कोन म्हनतो आठवत न्हाय. मंग ते म्हनाले, मशीन खोटं बोलंल काय? म्हातारी खोटं बोलंल, मशीन न्हाय." शेंगांची पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली. "तूच लिवलंस ना गो? बघ ना परत येकदा."

ती गेल्यावर मी आमच्या वहीचे, टाइप करण्याआधी काढून ठेवलेले फोटो उघडले. खांडीचं पान: मोजली, एकसष्ट. पुढचं पान: वरची ओळ, माझ्याच अक्षरात, 'मागचं पान, माणसं बासष्ट.' खांडीच्या पानाचा शिवणीकडचा काठ मोठा करून पाहिला. तिथे पिवळट डाग. खळीचा.

मग सगळं आठवलं. खांडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून पेजेची थाळी त्या पानावर कलंडली होती. नानांच्या वहीचं पान! मी घाबरले. पान फाडलं, चुलीत घातलं, त्याआधी ओल्या कागदावरून घाईघाईने नवीन पानावर उतरवलं आणि भाताच्या खळीने चिकटवलं. एक ओळ गळली. भेंडीखाली कुणाला सांगितलं नाही. चूक लपवायची नाही, तिला घर द्यायचं, हे रोज ऐकणारी मी. गावातली एक वही भिजली आणि एक घर गायब झालं, ते आमच्या घरात. आणि पुढे मी तीच वही निवडली, कारण तिचं अक्षर सगळ्यांत सुंदर होतं.

फोटोवरून एवढंच सिद्ध होत होतं की एक नाव कमी आहे. कोणाचं, ते सांगायला दुसरी वही हवी.

मी नानांकडे गेले. ते अंथरुणाला लागले होते, शेजारची एक बाई पेज द्यायला यायची. दार उघडं असायचं, दोन्ही कुलपं कोयंड्याला नुसती लटकलेली. मी पेज कलंडल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "बाकीच्या वह्या?"

"गेल्या."

"धर्माची?"

धर्माकाकाच्या सुनेने ती वही चुलीत घातल्याचं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. खरं-खोटं केलं नव्हतं. त्याच्या ओटीवर जाऊन उभं राहायचं आणि 'तुझं बरोबर होतं, वही दे' म्हणायचं, हे माझ्याने झालं नव्हतं. मी म्हटलं, "तीही गेली, नाना. मी विचारून आले."

एरवी त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली असती. 'ही काय म्हनाली?' असं विचारलं असतं. धर्माकाकाचं घर अंगणापलीकडे, एखादं पोर पाठवून खात्री केली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं," म्हणाले. "मंग काय इलाज न्हाय."

आयुष्यभर कुणाचं एकट्याचं न ऐकणाऱ्या माणसाने एकदाच एकटीचं ऐकलं. ती मी होते, आणि मी खोटं बोलत होते.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले.

मातीला मी पोचले. सगळं उरकल्यावर धर्माकाका आपल्या ओटीवर बसला होता, मुठीत ती चावी. मी अंगणात उभी राहिले. हाक मारायचं धाडस होईना. शेवटी मी खोकले.

त्याने वर पाहिलं. "ये."

मी सांगायला तोंड उघडलं, तर तोच बोलायला लागला. "रोज यायचा चावीला. बोलला न्हाय कदी. पन यायचा. मी जेवत असलो तर हात धुऊन यायचो. आता ही कोनाला देऊ सांग." चावी त्याने कठड्यावर ठेवली, नेहमीच्या जागी, आणि तिच्याकडे बघत राहिला. मला नानांची कुलपं इतकी वर्षं संशयाची वाटत होती. त्या अंगणात उभी राहून मला पहिल्यांदा वाटलं, एवढ्या हुशार मुलीला हे कधीच कसं दिसलं नाही.

वहीचं विचारलं तेव्हा तो चिडला. "चुलीत? कोन म्हनतो? त्याची वही हाय ती. त्यानं ठेवायला दिली, तो मागंल तवा देनार. मी काय ती तुझ्यासाठी ठेवली न्हवती." तो आत गेला. भाताच्या कणगीतून युरियाच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढून आणली. पानं दमटपणाने फुगलेली, अक्षर वेडंवाकडं. खांडीच्या दिवशीची नावं मी मोठ्याने वाचली, धर्माकाका बोट ठेवून ऐकत होता. बासष्ट. एकोणचाळिसावं नाव हिराबाईचं.

"त्यानं पाठवलं असतं तरी दिली असती मी," धर्माकाका म्हणाला. "निस्तं खोकला असता तरी."

मी त्याला अजून सांगितलेलं नाही की नानांनी विचारलं होतं. इथे लिहिते आहे, म्हणजे आता कळेल.

ब्लॉकचेनमध्ये खोडता येत नाही. हे मी बैठकीत ज्या तोऱ्यात सांगितलं होतं, ते आता मान खाली घालून पुन्हा सांगितलं. आधीची एकसष्ट नावांची यादी तिथे कायम राहणार. तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद घालता येते, एवढंच. कमिटी म्हणाली, घाल. मी म्हटलं, अशी नाही घालणार. भेंडीखाली घालू, पाच घरं बोलवा. एकमेकांशी न पटणारी.

पाच घरं जमली. आता वह्यांऐवजी पाच फोन. पाचांनी वाचून 'बरोबर' म्हटल्याशिवाय नोंद आत जाणारच नाही, अशी सोय मी आणि कंपनीतल्या मुलांनी दोन महिने खपून केली होती. धर्माकाकाने फोन घ्यायला नकार दिला. तो आपली वही घेऊन बसला, आणि त्याच्या जागी नातीने बोट लावलं. मी सगळ्यांसमोर पेजेची गोष्ट सांगितली. हिराकाकीचा थोरला दीर म्हणाला, "येवढी शिकलेली, आनि चुकते?"

"चुकले," मी म्हटलं. "आणि लपवलं. ते चुकण्यापेक्षा वाईट."

हिराकाकी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत मला बोलणार, आणि बोलावंच तिने. ती म्हणाली, "पेज सांडली ती सांडली. मंग त्या दिवशी शाळंत उपाशीच गेलीस काय गो?"

आई मागून म्हणाली, "व्हय. उपाशीच."

नोंदीत मी नानांच्या नियमाप्रमाणे सगळं लिहिलं: चूक काय, बरोबर काय, चूक कोणाची. माझं पूर्ण नाव तिथे आहे आणि ते कुणालाही, मलाही, काढता येणार नाही. दर नव्या पानावर वरची ओळ मी परत आणली आहे. यंत्राला तिची गरज नाही. वाचणाऱ्याला आहे. नोंद आत गेली तेव्हा सवयीने मी उघाडीकडे पाहिलं. आता तिथे सरकारी लोखंडी दार बसलं आहे आणि ते एक तरुण मुलगी भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघून उघडते. खेकड्यांकडे कुणी बघत नाही.

नानांना हे सांगायचं राहिलं. त्यांच्या लेखी बाकीच्या चारही वह्या गेल्या आणि हिराबाईचं घर यादीतून गळलं ते गळलंच. मी खोटं बोलले ते शब्द दुरुस्त करायला कुठलीही नोंद नाही.

खांडीच्या दिवशीच्या यादीत आता बासष्ट नावं आहेत. हिराकाकीच्या वाट्याचं खाजण तिच्या नावावर आहे, आणि यंदा तिने त्यात स्वतःचा भात लावला.